उन्हातील श्रम आणि पाण्याचा बंदोबस्त : प्रस्तावना

उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या हाती गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या दिल्यावाचून त्याची विचारपूस करू नये, चैत्र लागला की वाटेच्या कडेला पाणपोई घालावी, अक्षय्य तृतीयेस पितरांच्या नावे उदककुंभाचे दान करावे, असे शिरस्ते ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळले, त्या समाजाला तहानेचे मोल ठाऊक नव्हते असे कोणीही म्हणणार नाही. तथापि हे शिरस्ते किंचित निरखून पाहिले, तर त्यांतील पाणी पांथस्थाला मिळते, अतिथीला मिळते, पितरांनाही मिळते. जो माणूस भर दुपारी रस्त्यावर खडी फोडीत असतो, वीटभट्टीवर चिखल तुडवीत असतो किंवा डोईवर पाट्या वाहून बंधारा उभा करीत असतो, त्याला ते कोणी, किती आणि केव्हा द्यावे याविषयी आपली परंपरा बहुतांशी मौन पाळते. पाणी पाजणे हे पुण्यकर्म ठरले; काम करवून घेणाऱ्याचे ते कर्तव्य आहे ही कल्पना आपल्याकडे फार उशिरा, आणि तीही कायद्याच्या पुस्तकातून आली. शिवाय आपल्या समाजात पाण्याची वाट जातीच्या दारावरून जात होती. मजुराच्या ओंजळीत वरून धार सोडणारा हात आणि त्याला मडक्याला शिवू न देणारी नजर ही एकाच माणसाची असत. आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्राशन केले, तेव्हा ज्यांच्या वतीने तो हक्क बजावला जात होता ते बव्हंशी उन्हात राबून पोट भरणारेच लोक होते, ही गोष्ट या विषयाचा विचार करताना दृष्टिआड करून चालत नाही.

प्रस्तुत पुस्तिका मुकादमांसाठी, रोजगार हमीच्या कामावरील देखरेखनीसांसाठी, तालमीतील उस्तादांसाठी, शाळांतील क्रीडाशिक्षकांसाठी आणि भरतीपूर्व सराव घेणाऱ्या प्रशिक्षकांसाठी, म्हणजे थोडक्यात दुसऱ्याच्या अंगातून घाम काढण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे अशा सर्वांसाठी सिद्ध झाली आहे. उन्हाळा आला की वृत्तपत्रे आणि सरकारी फलक ‘भरपूर पाणी प्या’ असा उपदेश करू लागतात. तो उपदेश चुकीचा आहे असे नाही. पण तो ज्याला केला जातो त्याच्या हाती बहुधा पाणीही नसते आणि ते पिण्यासाठी काम थांबविण्याची मुभाही नसते. उन्हात श्रम करणाऱ्याचे पाणी ही त्याच्या तहानेवर, सहनशक्तीवर किंवा शहाणपणावर सोपवून देण्याची बाब नसून, कुदळ, फावडे आणि हजेरीपट यांच्याइतकीच ती कामाच्या व्यवस्थेची बाब आहे, हे या प्रस्तावनेचे प्रतिपाद्य आहे. आणि ते केवळ दयाबुद्धीने सुचलेले नसून शरीराच्या रचनेतूनच निघते, हे दाखविण्यासाठी प्रथम थोडे शरीरशास्त्र पाहणे आवश्यक आहे.

श्रमाचे साधन या नात्याने मनुष्यदेह मोठा उधळ्या आहे. स्नायूंमध्ये जी ऊर्जा खर्ची पडते तिचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामाला लागतो. उरलेली सारी उष्णतेच्या रूपाने अंगातच साठू पाहते. ६० किलो वजनाच्या माणसाच्या देहाचे तापमान १ अंशाने वाढविण्यास सुमारे ५० किलोकॅलरी उष्णता पुरते, आणि मध्यम प्रतीचे अंगमेहनतीचे काम करताना तासाभरात २५० किलोकॅलरींच्या आसपास उष्णता सहज निर्माण होते. हा हिशेब मांडला की लक्षात येते की ही उष्णता बाहेर पडण्याचा मार्ग अजिबात बंद झाला, तर अवघ्या एका तासात देह ५ अंशांनी तापेल, आणि शरीराच्या गाभ्याचे तापमान ४० अंशांच्या पलीकडे जाऊन मेंदूचा कारभार बिघडू लागणे यालाच उष्माघात म्हणतात. हवा थंड असली तर पुष्कळशी उष्णता त्वचेवरून आपोआप निघून जाते. परंतु काम करणाऱ्याच्या त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आगेमागे असते. चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरी येथे वैशाखात हवा ४५ अंशांना पोहोचली म्हणजे उष्णतेचा प्रवाह उलटा फिरतो, भोवतालची हवा आणि तापलेली जमीनच माणसाला तापवू लागते, आणि मग देहाला एकच उपाय उरतो, तो घामाचा. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते त्याच न्यायाने देह गार राहतो: बाहेर पाझरलेले पाणी वाफ होऊन जाताना आतली उष्णता घेऊन जाते. एक लिटर घाम संपूर्णपणे वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. म्हणजे वर सांगितलेल्या माणसाला तासाला अर्ध्या लिटरच्या आत-बाहेर घाम पुरावा.

पण ‘संपूर्णपणे वाळला तर’ ही अट मोठी आहे. कपाळावरून निथळून जमिनीवर पडलेला थेंब शरीरातील पाणी तर घेऊन जातो, उष्णता मात्र मागेच ठेवतो. मुंबईत, रत्नागिरीत किंवा पणजीत वैशाखाच्या अखेरीस हवेत इतकी आर्द्रता असते की घाम वाळायला जागाच उरत नाही. माणूस ओलाचिंब होतो, घटकेघटकेला तोंड पुसतो आणि तरीही तापत जातो. उलट विदर्भ-मराठवाड्यात घाम अंगावर दिसण्यापूर्वीच उडून जातो. त्यामुळे ‘आपल्याला फारसा घाम येत नाही’ असा समज होतो, आणि संध्याकाळी सदरा उतरवून पाहावा तर पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा एकाबाहेर एक उमटलेल्या असतात. किनाऱ्यावरचा घाम फुकट जातो आणि देशावरचा डोळ्याला दिसत नाही. कठोर श्रमात तो तासाला १ लिटरपासून प्रसंगी २ लिटरपर्यंत जातो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच खरी आहे.

हे पाणी कोठून येते? रक्तातून आणि पेशींतून. ६० किलोच्या माणसाच्या अंगातून १.२ लिटर, म्हणजे वजनाच्या २ टक्के पाणी गेले आणि भरून निघाले नाही, तर कामाची शक्ती घटू लागते. तूट वाढेल तशी प्रत्येक टक्क्यामागे हृदयाची गती मिनिटाला ३ ते ५ ठोक्यांनी वाढते आणि शरीराचे तापमानही थोडे थोडे चढते. कारण उघड आहे. तेवढ्याच रक्तातून स्नायूंना प्राणवायू पुरवायचा, आणि त्यातूनच उष्णता त्वचेपर्यंत वाहून न्यायची, असे दुहेरी ओझे हृदयावर असते. रक्तच आटले तर दोहोंपैकी एकात कसूर होणार.

आता कोणी म्हणेल की देहाने यासाठीच तहान दिली आहे. तहानेचे यंत्र खरोखर विलक्षण आहे. रक्तातील क्षारांची दाटी किंचित वाढताच मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशी ती ओळखतात, मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्याचा हुकूम जातो आणि माणसाला प्यावेसे वाटू लागते. बैठे जीवन जगणाऱ्याला यापलीकडे कशाची गरज नाही. सावलीत तासभर व्यायाम करणाऱ्याने तहानेप्रमाणे साधे पाणी प्यावे आणि निश्चिंत असावे. रंगीत पाण्याच्या महागड्या बाटल्यांवर त्याने पैसे घालवावेत असे मला तरी वाटत नाही. परंतु उन्हातील दीर्घ श्रमात तहान मागे पडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाचे ई. एफ. अ‍ॅडॉल्फ आणि त्यांचे सहकारी यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर जे प्रयोग केले आणि १९४७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, त्यांतून असे दिसले की पाणी हाताशी असूनही चालणारा किंवा राबणारा माणूस गेलेल्या पाण्याचा एक भागच त्या वेळी पितो, आणि उरलेली तूट पुढे जेवणाच्या वेळी भरून काढतो. जेवण हेही पाण्याचे एक साधन आहे, हा त्यातला एक धडा. आणि दुसरा असा, की पाण्यावाचून राहण्याची सवय देहाला लावता येत नाही. राखून ठेवलेल्या पाण्याने घाम कमी होत नाही. पाणी बुधल्यात राहते आणि माणूस पडतो.

हा दुसरा धडा जगाने फार नाखुशीने शिकला. ३० ऑगस्ट १९०४ रोजी सेंट लुई येथील ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनची शर्यत भर उन्हात, धुळीच्या रस्त्यांवरून झाली. वाटेत पाणी मिळण्याची ठिकाणे अवघी एक-दोन होती. ३२ जण धावले आणि त्यांतले केवळ १४ जण शेवटपर्यंत पोहोचले. विजेता ठरलेला टॉमस हिक्स वाटेत पाणी मागत होता. त्याच्या मदतनिसांनी ते नाकारून त्याला स्ट्रिक्नीन नावाचे विष अंड्याच्या पांढऱ्या भागाबरोबर, आणि पुढे ब्रँडी पाजली. आज हे वाचून हसू येते. पण ‘मेहनत चालू असताना पाणी पिऊ नये, अंग जड होते’ हा दंडक आपल्या कितीतरी तालमींतून आणि शाळांच्या पटांगणांतून अगदी अलीकडेपर्यंत चालत आला आहे, आणि पाणी मागणाऱ्या पोराला नाजूक ठरविण्याची उस्तादांची हौस पुरती मावळली आहे असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. कोल्हापूरच्या तालमींनी जोर-बैठका आटोपल्यावर बदामाच्या थंडाईची जी रीत घालून दिली ती उत्तमच आहे. पण ती मेहनतीनंतरची. मेहनतीच्या मध्यंतरीचे काय, हा प्रश्न तिने सुटत नाही.

श्रमिकांच्या बाबतीत हाच धडा अधिक मोल देऊन शिकावा लागला. १९३१ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरणाचे काम सुरू झाले, तेव्हा ब्लॅक कॅन्यनच्या खडकांत पारा ४८ अंशांच्या घरात गेला होता, आणि त्या एका उन्हाळ्यात दहाहून अधिक माणसे उष्णतेने दगावली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कामगारांनी संप केला, आणि त्यांच्या मागण्यांत स्वच्छ व थंड पाण्याची मागणी होती, हे मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढच्या वर्षी हार्वर्ड विद्यापीठाच्या श्रमविषयक प्रयोगशाळेतून डी. बी. डिल आणि जॉन टॅल्बट तेथे गेले. त्यांनी कामगारांचा घाम व लघवी तपासली, आणि ज्यांच्या पोटऱ्यांत व पोटात असह्य पेटके येत होते त्यांच्या शरीरातील मीठ संपुष्टात आले आहे असा निष्कर्ष काढला. भोजनगृहात भरपूर पाणी पिण्याची सूचना आधी लागलीच होती. तिच्याखाली जेवणात मीठ भरपूर घेण्याची ताकीद आली. इंग्लंडातील कोळशाच्या खोल खाणींत के. नेव्हिल मॉस यांनी १९२३ साली हेच दाखविले होते: घामातून पाणी आणि मीठ दोन्ही जातात, आणि खाणकामगार जेव्हा नुसते पाणीच घटाघटा पितो तेव्हा त्याला पेटके येतात.

मिठाचा हा प्रश्न नाजूक आहे, म्हणून थोडा विस्तार करतो. एक लिटर घामातून साधारणतः २ ते ३ ग्रॅम मीठ जाते. माणसामाणसांत यात बराच फरक असतो. आपल्या नित्याच्या जेवणात मीठ गरजेहून अधिकच असते, त्यामुळे भाकरी, ठेचा, लोणचे आणि ताक असे पोटभर जेवून दोन-तीन तास काम करणाऱ्याने वेगळे मीठ शोधत जाण्याचे कारण नाही, आणि रक्तदाबाचा विकार असलेल्याने तर वैद्याला विचारल्याखेरीज तसे करूच नये. मात्र जो माणूस रिकाम्या पोटी पहाटे बाहेर पडतो आणि दुपारपर्यंत निथळत राहतो, त्याला पाण्याबरोबर मीठ आणि थोडी साखर मिळाली पाहिजे. दोन्ही एकत्रच का, याचे उत्तर घामाच्या अभ्यासातून आले नाही. पटकीच्या अभ्यासातून आले. आतड्याच्या अस्तरातून साखर आणि मिठातील सोडियम जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी जाते, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडले. आणि १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने थैमान घातले असता, डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यावयाच्या औषधाची वाट न पाहता मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून भरून रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजले आणि असंख्य जीव वाचविले. आज औषधाच्या दुकानात जी जलसंजीवनीची पुडी मिळते तिची ही पूर्वपीठिका आहे. पुडी नसेल तेथे एक लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पुरते. चमचा चहाचा घ्यावा, आणि मीठ अंदाजाने वाढवू नये.

आपल्या स्वयंपाकघराने हेच काम निराळ्या वाटेने केले आहे. कैरीच्या पन्ह्यात गूळ आणि मीठ दोन्ही असतात. जिरे व सैंधव घातलेले पातळ ताक, कोकणातले कोकमाचे सरबत, ज्वारीची किंवा नाचणीची ताक घातलेली आंबील, या सर्वांत पाणी, क्षार आणि थोडेफार पिष्ट किंवा शर्करा यांचा संयोग आहे. पन्हे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मिळते आणि आंबील पहाटे शेतावर जाणाऱ्याच्या पोटात पडते. या दोहोंत मला आंबिलीचा मान मोठा वाटतो. आयुर्वेदाचा दाखला येथे अनेकजण देतात, तेव्हा त्याविषयीही लिहिले पाहिजे. वाग्भटाने अष्टांगहृदयात ग्रीष्माची चर्या सांगताना मधुर, शीत आणि द्रव आहार घ्यावा असे सांगितले आहे, तसेच खारट, तिखट व आंबट रस, व्यायाम आणि सूर्याचे किरण ही वर्ज्य करावीत असेही म्हटले आहे. व्यायाम अर्ध्या शक्तीने, तोही शीतकाळात आणि वसंतात करावा, एरवी त्याहून मंद करावा, असा त्याचा दंडक आहे. सल्ला निर्दोष आहे. परंतु तो ज्याला ऊन आणि व्यायाम टाळता येतात त्याच्यासाठी आहे. मीठ वर्ज्य करण्याची आज्ञा त्याच संदर्भात वाचली पाहिजे. ज्याला वैशाखात विहीर खणावयाची आहे, त्याच्या ऋतुचर्येचा अध्याय वाग्भटाने लिहिलेला नाही. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही या समजुतीबद्दल इतकेच म्हणतो, की तो कांदा भाकरीबरोबर खावा.

पाण्याची महती इतकी सांगितल्यावर त्याच्या अतिरेकाविषयी बोलणे विसंगत वाटेल, पण ते टाळता येत नाही. दक्षिण आफ्रिकेतील टिमथी नोक्स यांनी १९८५ साली लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये असे काही रुग्ण दाखवून दिले, की जे पाण्याच्या तुटीने आजारी पडले नव्हते, तर अतिरेकी पाणी पिऊन रक्तातील सोडियम विरळ झाल्यामुळे भ्रमिष्ट झाले होते. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता १३ टक्क्यांत सोडियम प्रमाणाबाहेर घटलेले आढळले. ते बहुधा सावकाश धावणारे, प्रत्येक थांब्यावर पिणारे, आणि शर्यतीअखेर वजन वाढलेले लोक होते. मुंबईत, पुण्यात आणि साताऱ्यात आता हजारो हौशी धावपटू धावतात, त्यांनी हे वाचून ठेवावे. सरावापूर्वी व सरावानंतर तराजूवर उभे राहावे. एक किलो घटले तर एक लिटर पाणी गेले, आणि वजन वाढले तर पाणी जास्त झाले, इतके सोपे हे गणित आहे. उन्हात काम करणाऱ्यासाठी दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, आणि कोणत्याही परिस्थितीत तासाला दीड लिटरच्या आत, हे प्रमाण सुरक्षित मानले जाते. चहा वर्ज्य नाही. दोन-तीन कप चहाने अंगातले पाणी आटत नाही. दारूने मात्र आटते, आणि आदल्या रात्रीची दारू दुसऱ्या दिवशीच्या दुपारी हिशेब मागते.

या साऱ्या ज्ञानाची कसोटी कोठे लागते, हे पाहावयाचे असेल तर उसाच्या फडात जावे. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत कोपीत राहतात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता या हिशेबाने काम करतात. हंगामाचा बराचसा काळ थंडीचा असतो हे खरे. पण फेब्रुवारी सरल्यावर फडात वारा शिरत नाही, उंच उसाच्या मध्ये हवा कोंडते, आणि पानांनी अंग चिरू नये म्हणून बाईने लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्यावर घट्ट बांधलेले फडके घेतलेले असते. त्यामुळे घाम वाळण्यास वाव राहत नाही. पाण्याचा एक प्लास्टिकचा कॅन, ओल्या गोणपाटात गुंडाळून, बांधावर बैलगाडीच्या सावलीला ठेवलेला असतो. तोडणी पुढे सरकते तसा कॅन मागे राहतो. मेहनताना टनावर मिळतो, उचल आधीच अंगावर असते, खाडा झाला तर पैसे कापले जातात. अशा स्थितीत पाण्यासाठी शंभर पावले मागे जाणे म्हणजे दोन मोळ्यांचे नुकसान, आणि ते पदरात घेण्यापेक्षा तहान मारणे सोपे. बाईची अडचण याहून वेगळी आहे. फडाच्या आसपास आडोसा नसतो, शौचालय तर नसतेच. म्हणून ती सकाळपासून पाणीच कमी पिते. लघवीला जळजळ होऊ लागली की ‘उन्हाळी लागली’ म्हणून धणे-जिऱ्याचे पाणी घेते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच करते. तिला पाणी पिण्याचा उपदेश करणाऱ्याने आधी तिच्यासाठी आडोसा उभा केला पाहिजे.

हे केवळ गैरसोयीचे गाऱ्हाणे नव्हे. मध्य अमेरिकेत एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांतील ऊसतोड कामगारांमध्ये, मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्या तरण्याताठ्या पुरुषांची मूत्रपिंडे निकामी होण्याचा विकार गेल्या दोन-तीन दशकांत मोठ्या प्रमाणावर आढळला आहे. त्याच्या कारणांविषयी वाद पुरता मिटलेला नाही. पण उष्ण हवेतील अतिश्रम आणि वारंवार होणारी निर्जलता यांकडे अनेक संशोधकांचे बोट आहे. तेथे ऊस जाळून तोडतात, आपल्याकडे हिरवा तोडतात, हा भेद ध्यानात ठेवूनही त्या अनुभवातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. ‘पाणी, विश्रांती, सावली’ या त्रिसूत्रीने तेथे उपाय सुरू झाले: फडाबरोबर सरकणारा सावलीचा तंबू, ठरलेल्या वेळी सक्तीची विश्रांती, आणि कामगाराजवळ येणारे पाणी. विश्रांती सक्तीची असावी, याला महत्त्व आहे. टनावर मजुरी घेणारा माणूस ऐच्छिक विश्रांती घेत नाही.

कायद्याने काय दिले आहे तेही पाहू. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम १८ अन्वये कारखान्यात सोयीच्या जागी आरोग्यदायक पिण्याचे पाणी ठेवणे, बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत तेथे फलक लावणे, ती जागा मुतारी, शौचकूप किंवा उघडे गटार यांपासून ६ मीटरच्या आत नसणे, आणि २५० हून अधिक कामगार असल्यास उन्हाळ्यात ते पाणी थंड करून देणे बंधनकारक करण्यात आले. तरतूद इतकी बारकाईची आहे की तिचे कौतुक वाटते. पण ज्या उसाला साखर कारखान्याच्या फाटकातून आत शिरताच अशा कायद्याचे छत्र मिळते, तो ऊस फडात तोडणाऱ्याला ते मिळत नाही, कारण फड म्हणजे कारखाना नव्हे. सार्वजनिक कामांच्या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव जुना आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामावर खडी फोडीत होती; वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप आले. आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने कामाच्या जागी पिण्याचे पाणी, मुलांसाठी सावली, विश्रांतीचा काळ आणि प्रथमोपचाराची पेटी ही मजुराच्या हक्कात घातली. कागदावर तजवीज आहे. कामावर ती पिंपाच्या रूपाने दिसली पाहिजे, आणि त्या पिंपाचा हिशेब अवघड नाही: २० माणसे, ६ तास, माणशी तासाला पाऊण ते एक लिटर, म्हणजे १०० लिटरच्या आसपास. ते भरण्यासाठी एक माणूस हजेरीपटावर वेगळा दाखवावा लागतो, आणि ते पिंप कामापासून हाकेच्या अंतरावर असावे लागते. त्याहून दूर असलेले पाणी नसल्यातच जमा.

पुस्तिकेतील उष्माघातावरील प्रकरण प्रत्येकाने काम सुरू होण्यापूर्वी वाचावे अशी माझी विनंती आहे. उन्हात काम करणारा माणूस बरळू लागला, अडखळू लागला किंवा विनाकारण चिडू लागला, तर त्याला आधी सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर जितके मिळेल तितके गार पाणी ओतून वारा घालावा, शक्य असल्यास पाण्यात बसवावे, आणि त्याच वेळी दवाखान्याची गाडी बोलवावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. गाडी येईपर्यंत गार करणे थांबवू नये, कारण या विकारात प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

शेवटी काळवेळेबद्दल. उन्हाची सवय देहाला होते, हे सत्य आहे. एक ते दोन आठवडे रोज उन्हात काम केल्यावर घाम लवकर सुटू लागतो, अधिक येतो, आणि त्यातील मीठ घटते. पण ती सवय काही आठवड्यांच्या खंडाने नाहीशी होते, आणि ती होईपर्यंतचे पहिले दिवस सर्वांत घातक असतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक काम उन्हात देऊ नये आणि रोज थोडे थोडे वाढवावे, हा नियम त्यातूनच आला आहे. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या धावण्याच्या चाचणीत काही तरुण उमेदवार दगावले आणि शासनाला त्या चाचणीचे अंतर कमी करावे लागले, ही घटना विसरण्यासारखी नाही. गावोगावच्या मैदानांवर आजही पहाटेपासून भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावत असतात, आणि त्यांतील अनेकांना दुपारच्या उन्हात धावण्याचा सराव नसतो. म्हणून मुकादम, प्रशिक्षक आणि ग्रामपंचायतींचे सदस्य यांना माझे सांगणे असे, की ही पुस्तिका वैशाखाची वाट न पाहता फाल्गुनातच वाचावी, होळीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत कामाच्या वेळा सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा अशा बदलून घ्याव्यात, आणि हजेरी घेण्यापूर्वी पिंप भरले आहे की नाही हे स्वतः जाऊन पाहावे.